समुद्राच्या दिव्याला दारव्ह्याची कल्हई

दारव्ह्याच्या बाजारात रहमत कल्हईगराला कुणी शोधत नसे. त्याचा आवाजच गिऱ्हाइकाला शोधून काढी. "कल्हऽऽई लावा वो कल्हऽऽई! तांब्याले, पितळेले, कल्हऽऽई!" पहिली हाक सुरू झाली की बाई घरात घागर रिकामी करायला घेई, आणि दुसरी संपेपर्यंत भट्टीपाशी येऊन उभी राही. गावातली पोरं ती हाक हुबेहूब काढत, पण शेवटचा 'ई' नाकात चढवून तिथेच टांगून ठेवणं एकट्या रहमतलाच जमे.

कामाची त्याची एक रीत होती. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा, धुराचा पांढरा लोट उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं भांड्याच्या आतून चांदी पसरायची. सांधा जोडलेला असेल तर पुढे परीक्षा. जमिनीवर कोरडी राख पसरायची, वर पाण्यानं भरलेली घागर ठेवायची आणि शेजारी बसून एक बिडी ओढायची. बिडी संपेपर्यंत राखेवर ओला ठिपका उमटला नाही की रहमत म्हणे, "जा माय. आता नातवाच्या लग्नातच आणजो." तीस वर्षांत राख कधी ओली झाली नव्हती. तसं तो स्वतः सांगे, आणि खोटं ठरवायला कुणी पुढे येत नसे.

पण एकोणीसशे साठ साल उजाडेपर्यंत बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली होती. हलकी, पांढरी, आणि कल्हईची गरजच नाही. रहमत एखादं जर्मनचं पातेलं हातात घेई, बोटानं टिचकी मारी आणि कान लावी. "आयका," तो म्हणे, "टक्. याले काय आवाज म्हनते? तांब्याले मारा. टणऽऽ! नमाज पढून येईस्तोवर वाजत राह्यते." लोक हसत आणि जर्मनचं पातेलं घेऊन घरी जात.

पुढच्या वर्षी होळी होऊन गेल्यावर विठ्ठलराव मास्तर भट्टीपाशी आले. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मूळचे पुण्याकडचे, त्यामुळे त्यांच्या तोंडी प्रत्येक गोष्टीआधी "म्हणजे असं बघा" यायचं. चहा मागतानाही ते "म्हणजे असं बघा, एक चहा" असंच म्हणत. त्यांच्या काखेत पत्र्याचे दोन डबे होते, एका नळीनं जोडलेले, आणि जिथं तिथं मेण थापलेलं.

"रहमतमिया, म्हणजे असं बघा," मास्तर म्हणाले, "हे गळतं."

"पानी?"

"हवा."

भट्टीपाशी धावजी नाईक बसले होते. बंजारा तांड्याचे नाईक, पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पागोटं. आपली पितळी परात घेऊन आले होते आणि ती होईपर्यंत गप्पा मारायचा त्यांचा हक्कच होता. ते म्हणाले, "हवा गळते? मंग गळू द्या ना बावा. फुकट तं हाय."

मास्तर उकिडवे बसले आणि त्यांनी राखेत काडीनं समुद्र काढला. "म्हणजे असं बघा. उन्हाच्या देशातला समुद्र. वरचं पाणी कोमट. दोनतीन हजार फूट खाली गेलं की बर्फासारखं गार. आता पाण्यावर हवेचा दाब असतो. तो काढून टाकला, की कोमट पाणीसुद्धा उकळतं. आगीशिवाय. त्याची वाफ गार पाण्याकडे धावते. वाटेत चक्री ठेवली की ती फिरते, आणि चक्रीला डायनमो जोडला की दिवा लागतो. परदेशात शास्त्रज्ञांनी असं करून दाखवलंय. कोळसा नको, रॉकेल नको. समुद्र आहे तोवर वीज."

धावजींनी मिशी पुसली. "मास्तर, माहा आजा बैलाइच्या पाठीवर समुद्रावरून मीठ आनायचा. हजार बैलाचा तांडा. समुद्र त्यानं एवढा पाह्यला, एवढा पाह्यला. दिवा नाई पाह्यला."

"पण पाणी वर कोमट अन् खाली गार, हे सांगितलं का त्यांनी?"

धावजींनी मान हलवली. "थे सांगे. पाय धुवाले उतरला का मांड्या गरम अन् तळपाय थंडे."

"बघा!" मास्तर इतक्या जोरात म्हणाले की रहमतचा भाता थांबला.

एक मे रोजी महाराष्ट्र राज्याला वर्ष पुरं होणार होतं. त्यासाठी यवतमाळला प्रदर्शन भरणार होतं आणि प्रत्येक हायस्कुलाला एक टेबल मिळणार होतं. मास्तरांना त्या टेबलावर समुद्राचा दिवा लावायचा होता. पण हवा आत शिरली की सगळा खेळ खलास. यवतमाळच्या दोन कारागिरांनी डबे करून दिले होते. दोन्ही फुसके निघाले.

रहमतनं ते डबे हातात घेतले, उलटेपालटे केले, मेण नखानं खरवडलं आणि तोंड असं केलं, जसं कुणी त्याच्या वरणात खडा टाकला. "हे सांधे हायेत? मास्तर, तांब्याच्या दोन घागरी आना. अन् हे माह्या बाजारात नेऊ नका, लोक समजतीन मीच केले."

"हवा राहील बाहेर?"

"मास्तर!" रहमत उभाच राहिला. बाजार भरलेला होता. त्यानं हाक काढायचा तो आवाज काढला, म्हणजे जर्मनवाल्यापासून मिरचीवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. "रहमतच्या सांध्यातून हवा शिरली, तं हा भाता याच जागी मोडीन अन् याच भट्टीत घालीन! पुन्हा या बाजारात कल्हईचं नाव घेनार नाई!"

मग धावजी नाईक सावकाश म्हणाले, "भर बाजारात बोलला बरं, मिया. मी आयकलं."

"आयका ना. दोन कान हायेत."

घरी त्याच्या बायकोनं, जैनबबीनं, कपाळावर हात मारला. "अजी, भाता काय को बीच में लाया? जुबान मोडता बोलते तो चलता था. भाता मोडा तो कल खाएँगे क्या, हवा?"

रहमत भात्यापाशी जाऊन बसला. भाता त्याच्या बापाचा होता. कातडं तीनदा बदललं होतं, पण लाकडी दांड्यावर बापाच्या हाताची खोलगट खूण तशीच होती आणि रहमतचा हात तिच्यात बरोबर बसायचा.

महिनाभर काम चाललं. दोन घागरी, मधे तांब्याची जाड नळी, नळीत तोटी, वर एका घागरीच्या झाकणाला आणखी एक तोटी. नळीच्या पोटात मास्तरांची चक्री आणि सायकलचा डायनमो, सगळा आतच बंद. दोन तारा चिनी मातीच्या मण्यांतून बाहेर, नळीवर बसवलेल्या टॉर्चच्या बल्बाला. चक्रीची पाती रहमतनं कापली, एकोणीस वेळा. मास्तर प्रत्येक पात्याला म्हणत, "म्हणजे असं बघा, थोडं वाकडं," आणि रहमत म्हणे, "मास्तर, माह्या जिंदगीत मी वाकडं कापलं नाई, तुमच्यासाठी शिकून राह्यलो." शेवटी त्यानं आपल्या रितीप्रमाणे दोन्ही घागरी आतून कल्हईनं चकचकीत केल्या, आणि मग सगळ्या सांध्यांना झाळ दिली. राख पसरली. पाणी भरलं. एक नाही, तीन बिड्या ओढल्या. राख कोरडी ठाक.

गुरुवारी दुपारी परीक्षा. मास्तरांनी यवतमाळहून लाकडाच्या भुशात गुंडाळून बर्फाची लादी मागवली होती. बसमधून उतरेपर्यंत ती अर्धी झाली होती. घागरीत थोडं पाणी घालून भट्टीवर उकळलं, वाफेनं सगळी हवा शिट्टी वाजवत बाहेर ढकलली, आणि मग वरची अन् मधली, दोन्ही तोट्या बंद. घागरी गार झाल्या. आता आत फक्त पाणी आणि पोकळी. एक घागर उन्हात तापलेल्या पाण्याच्या घंगाळात ठेवली, दुसरीभोवती बर्फ लावला. मास्तरांनी मधली तोटी उघडली.

काही नाही.

मास्तरांनी कान लावला. रहमतनं कान लावला. धावजींनी पागोटं काढून कान लावला. आत एकच बारीक आवाज होता, झोपलेल्या माणसाच्या नाकातून यावा तसा. सिसिसिसि.

"हवा," मास्तर हळूच म्हणाले.

"नाई."

"रहमतमिया, हवा शिरतेय."

"राख पाहा, राख! थेंब पडला काय?"

"पाणी बाहेर येत नाही हो. हवा आत जातेय."

बर्फ विरघळून अंगणात ओहोळ झाला. सोमवारी प्रदर्शन. दुसऱ्यांदा बर्फ आणायला ना वेळ होता ना मास्तरांची ताकद. धावजी नाईक पागोटं बांधत उठले. भात्याचं नाव त्यांनी काढलं नाही. जाताना फक्त म्हणाले, "सोमवारी मीबी येतो यवतमाळले." ते न काढलेलं नाव रहमतला जास्त लागलं.

त्याच गुरुवारची, जुम्मेरातची संध्याकाळ. जैनबबी दर जुम्मेरातला घरभर लोबानाचा धूर फिरवी. निखाऱ्यांचं भांडं हातात घेऊन ती दारापासून चुलीपर्यंत गेली, मग अंगणात आली. रहमत घागरींपुढे गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"अजी, उठो. धुआँ ले लो जरा सिर पे."

रहमत उठला नाही.

"अजी." तिचा आवाज बदलला. "ये घागर धुआँ पी री क्या?"

रहमतनं डोकं वर केलं. लोबानाचा धूर सरळ वर चालला होता, पण घागरीच्या पोटाजवळ त्यातला एक धागा वाकत होता. केसाएवढा. तो घागरीच्या पोटावरच्या जुन्या जोडापाशी जात होता आणि तिथं नाहीसा होत होता. रहमतनं निखाऱ्यांचं भांडं तिच्या हातातून घेतलं, गोल फिरवलं. आणखी दोन जागा. तिन्ही जागी आतून त्याची कल्हई होती. तीस वर्षांच्या सवयीची चांदी.

त्यानं तिन्ही जागी बोट फिरवून पाहिलं. मग एकदम हसला. असा हसला की जैनबबी घाबरली.

"अगं, तीस बरस मी आतूनच लावून राह्यलो! खाना आत राह्यते, जहर आत चढते, म्हून कल्हई आत. माह्या बापानं आत लावली, त्याच्या बापानं आत लावली. पन इथं आत काही नाहीच! इथं दुश्मन बाहेर हाय. हवा बाहेरून रेटते, आतली कल्हई पापडावानी सुटते. बाहेरून लावली तं हवाच तिले दाबून धरीन!"

"तो बाहर से लगाओ," जैनबबी म्हणाली. "चिल्लाने का क्या है उसमें?"

रहमत तसाच मास्तरांच्या घरी गेला. मास्तर मुलांच्या वह्या तपासत होते. "मास्तर," तो दारातूनच म्हणाला, "म्हणजे असं बघा!" आणि त्यानं सगळं सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे," ते म्हणाले, "मला सुचायला पाहिजे होतं."

"तुमी कल्हई लावता काय? मंग?"

शुक्रवार आणि शनिवार त्यानं घागरी बाहेरून मढवल्या. दारव्ह्यात असं कुणी पाहिलं नव्हतं. तांब्याची घागर बाहेरून पांढरीशुभ्र! बाया थांबून विचारत, "काहून रे रहमत, उलटी घातली काय घागर?" तो उत्तर देत नसे, फक्त बोळा फिरवी. शनिवारी संध्याकाळी पाणी उकळलं, हवा काढली, तोटी बंद केली आणि झोपला. रविवारी सकाळी मास्तर आले. रहमतनं वरची तोटी उघडली.

सूऽऽऽऽप!

म्हाताऱ्यानं बशीतून चहा ओढावा तसा आवाज झाला, आणि शेजारची तीन घरं दारात आली. रात्रभर बाहेर ताटकळलेली हवा एका दमात आत घुसली होती. म्हणजे रात्रभर ती बाहेर होती.

"सांधा धरला," रहमत म्हणाला. "दिव्याचं तुमचं तुमी पाहा."

पण दिव्याचं तितकंसं मास्तरांचं राहिलं नव्हतं. भात्याची शपथ भर बाजारात झाली होती. उद्या दिवा लागला नाही, तर लोक चक्रीचा दोष काढणार नव्हते. लोकांना चक्री माहीत नव्हती, रहमत माहीत होता.

छोट्या रुळांच्या आगगाडीनं ते तिघं यवतमाळला गेले. गाडी इतकी सावकाश, की धावजी उतरून तंबाखू मळून पुन्हा चढले असं ते पुढे जन्मभर सांगत. घागरी रहमतच्या मांडीवर होत्या. तिकीटबाबूनं विचारलं, "यह क्या है?" धावजी म्हणाले, "समुद्र." तिकीटबाबू पुढच्या डब्यात गेला.

एक मे. यवतमाळचं ऊन असं, की मंडपाच्या कनातीला हात लावला तर चटका बसावा. आजूबाजूच्या टेबलांवर धरणांच्या प्रतिकृती होत्या, कापसाची बोंडं होती, एका शाळेनं कोंबड्या आणल्या होत्या. मास्तरांनी घागरींची हवा काढून ठेवली होती, आणि इथलाच बर्फ आणून गोणपाटात बांधला होता. सकाळपासून उन्हात ठेवलेलं घंगाळाचं पाणी अंघोळीइतकं गरम झालं होतं. रहमतनं सगळ्यांना त्यात हात घालायला लावला. "घाला, घाला. भाजत नाई. हेच पानी उकळनार हाय."

लोक हसले. दारव्ह्याचे बरेच आले होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना दिव्यापेक्षा भात्याचं काय होतं ते पाहायचं होतं. बर्फ लावला. मास्तरांनी घड्याळ काढलं आणि तोटीला हात घातला.

"मी उघडतो," रहमत म्हणाला.

तोटी फिरली. काही नाही. मग घागरीच्या आत, खोल, काहीतरी हललं. बुड. बुडबुड. खदखदखद! रहमतनं घागरीवर तळहात ठेवला. घागर कोमट, आणि आत पाणी चुलीवरच्या भातासारखं उकळत होतं. नळीतून घुरघुर सुरू झाली, मांजर मांडीवर बसल्यासारखी, मग चढत चढत भुंग्यासारखी. आणि टॉर्चच्या छोट्या बल्बात तार दिसली. बिडीच्या टोकासारखी तांबडी. मग केशरी. मग पिवळी.

"लागला," कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले.

मास्तर बोलायला लागले, "म्हणजे असं," आणि वाक्य तिथंच सोडून चष्मा पुसू लागले.

गर्दीतून मुंबईहून आलेले एक इंजिनियर साहेब पुढे आले. पांढरी पँट, तोंडात चिरूट, आणि प्रत्येक शब्द असा उच्चारायचे जणू त्याच्यावर शिक्का मारून पुढे सरकवताहेत. "छान. फार. छान. बॅटरी कुठं आहे?"

"बॅटरी नाही साहेब," मास्तर म्हणाले. "तपमानातला फरक..."

"तपमान. मला. शिकवू नका. टेबलाखाली काय आहे?"

साहेबांनी टेबलाचा कपडा उचलला. खाली मास्तरांच्या चपला होत्या. "मग टेबलात आहे," साहेब म्हणाले, आणि गर्दीत कुजबुज फिरली. दारव्ह्याचा एकजण मोठ्यानं म्हणाला, "म्हून तं लागला!"

रहमतनं आजवर कुठल्या साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही दिलं नाही. त्यानं कोमट घागर दोन्ही हातांनी कवेत घेतली आणि म्हणाला, "नाईक, बर्फाकडून उचल."

धावजींनी पागोटं सारखं केलं आणि बर्फाची घागर पोटाशी धरली. "उचल मिया."

घागरी टेबलावरून उचलल्या गेल्या. मधे नळी, नळीवर बल्ब. बल्ब जळत होता. गर्दी दोन्हीकडे सरकली. पुढे रहमत उलट्या पावलांनी, मागे धावजी, आणि बर्फाचं पाणी धावजींच्या धोतरातून टपटप गळत होतं. "लवकर चाल मिया, माहं पोट कुल्फी झालं!" ते ओरडले. धरणांवरून, कोंबड्यांवरून, मंडपाच्या दारापर्यंत आणि परत. घुरघुर चालूच. दिवा चालूच. लोक खाली वाकून बघत होते, कुठं तार जमिनीत जाते का. जात नव्हती.

टेबलापाशी परत आल्यावर रहमत म्हणाला, "साहेब, हात लावा." साहेबांनी चिरूट काढला, एक हात कोमट घागरीवर ठेवला, दुसरा बर्फाच्या. तसेच उभे राहिले. त्यांच्या ओठांवरचे सगळे शिक्के पुसून गेल्यासारखे झाले. "अरे," ते म्हणाले, अगदी पोरासारखे, "उकळतंय की हो!"

दिवा चौदा मिनिटं जळला. मास्तरांनी घड्याळ लावलं होतं. पाणी निवलं तसा तो मंद झाला आणि मिटला, आणि तोवर कुणाला शंका उरली नव्हती.

साहेबांनी अभिप्रायाची वही मागितली. उभ्या उभ्या बरंच लिहिलं, सही केली. मास्तरांनी वाचून दाखवलं. अशा प्रयोगांना उत्तेजन मिळावं, विदर्भाला समुद्र नसला तरी विचार करणारी माणसं आहेत, शाळेचं अभिनंदन.

रहमतनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "अन् हवेचं?"

"हवेचं काय?" साहेब म्हणाले.

"हवा शिरली का नाई, थे नाई लिहिलं."

"अहो, हवा शिरली असती तर दिवा लागला असता का?"

"थे तुमाले कळलं साहेब. बाजाराले कळाले पायजे."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे असं बघा साहेब, ते लिहाच." धावजी ओलं धोतर पिळता पिळता म्हणाले, "लिहा. साक्षीले मी हाय."

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं आणि सहीच्या खाली मोकळी जागा राहिली होती तिथं, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं, की यंत्राचे सर्व सांधे रहमत कल्हईगर, दारव्हा, यांनी जोडले असून एकाही सांध्यातून हवा आत गेली नाही. रहमतला वाचता येत नव्हतं. त्यानं मास्तरांकडून ती ओळ दोनदा वाचून घेतली, आणि तिसऱ्यांदा वाचायला वही दारव्ह्याच्या लोकांकडे दिली.